अजिंठ्यापासून शांतिनिकेतनपर्यंत : एका लहान गावातील भित्तिचित्रे आणि कला-उत्सव

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतील भिंती रंगू लागतात. विहाराची भिंत, समाजमंदिराची भिंत, नाक्यावरचा कट्टा. कुठे बाबासाहेबांचे चित्र, कुठे तथागतांची ध्यानमुद्रा, कुठे चवदार तळ्याचा प्रसंग. मंडळाची मुले रात्र रात्र जागून हे काम करतात. पण दोन पावसाळे गेले की रंगाचे पोपडे निघतात आणि मग त्याच भिंतीवर फ्लेक्स टांगला जातो. फ्लेक्स लावायला अर्धा तास पुरतो. मात्र त्यात गावातील मुलांना शिकण्यासारखे काही उरत नाही आणि गावातला पेंटर कामाविना बसतो.

लहान गावातील सार्वजनिक भित्तिचित्रे दीर्घकाळ टिकावीत, त्यांच्याभोवती गाव एकत्र यावे आणि पुढच्या पिढीने ते काम हाती घ्यावे, यासाठी काय करावे लागते? याचे एक उत्तम उदाहरण म्हणून आम्ही या लेखात पश्चिम बंगालमधील शांतिनिकेतनची माहिती देत आहोत. येथील काही भित्तिचित्रे आता शंभरीकडे झुकली आहेत. त्यांची प्रेरणा आपल्या अजिंठा लेणीतून आलेली आहे आणि त्यांतील काही कलाकृतींचे विषय थेट बुद्धकथेतील आहेत. त्यामुळे बौद्ध तरुणांना आणि कार्यकर्त्यांना ही माहिती असणे आवश्यक आहे असे आम्हाला वाटते.

गाव आणि कलाभवन

शांतिनिकेतन हे बीरभूम जिल्ह्यात, बोलपूर शहराला लागून आहे. कोलकात्यापासून ते सुमारे १५० किलोमीटरवर आहे. लाल माती, ताडाची झाडे आणि आजूबाजूला संथाल आदिवासींची गावे असा हा परिसर. १८६३ मध्ये देवेंद्रनाथ ठाकूर यांनी येथे जागा घेऊन आश्रम उभारला. त्यांचे पुत्र रवींद्रनाथ यांनी १९०१ मध्ये मोजक्या मुलांना घेऊन शाळा सुरू केली. १९१९ मध्ये कलाशिक्षणासाठी कलाभवन सुरू झाले आणि १९२१ मध्ये विश्वभारतीची स्थापना झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

कलाभवनाची घडी बसवली ती चित्रकार नंदलाल बोस (१८८२-१९६६) यांनी. १९२२ ते १९५१ अशी जवळपास तीस वर्षे ते कलाभवनाचे प्रमुख होते. विद्यार्थ्यांनी कागदावर चित्र काढून ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी विकावे, एवढ्यावर कलेचे शिक्षण थांबू नये असे त्यांचे मत होते. शाळेची पडवी, वाचनालयाचा व्हरांडा, वसतिगृहाच्या खोल्या, उत्सवाचा मांडव या सर्व जागा त्यांनी कलेसाठी वापरल्या. येता-जाता प्रत्येकाच्या नजरेस पडेल असे काम त्यांना हवे होते.

अजिंठ्याचा धागा

नंदलाल बोस यांनी भित्तिचित्राचे पहिले मोठे धडे गिरवले ते आपल्या महाराष्ट्रात. १९०९ च्या हिवाळ्यात ख्रिश्चियाना हेरिंगहॅम या इंग्लिश चित्रकर्ती अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आल्या होत्या. त्यांच्या मदतीला जे तरुण भारतीय चित्रकार आले त्यांत नंदलाल होते. लेणीच्या अंधारात जातककथांच्या रेषा हाताने उतरवून घेण्याचे काम त्यांनी केले. पुढे १९२१ मध्ये मध्य प्रदेशातील बाघ येथील बौद्ध लेणीच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठीही ते गेले. शांतिनिकेतनच्या भिंतींवर पुढे जे घडले त्याची पूर्वतयारी या बौद्ध लेणींमध्ये झाली होती.

अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास 'फ्रेस्को' म्हटले जाते. तंत्राच्या दृष्टीने ते बरोबर नाही. अजिंठ्यात खडकावर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून गिलावा केला आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आहे आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग वापरले आहेत. काव, पिवडी, काजळी असे रंग त्यांत आहेत. निळ्यासाठी बाहेरून आलेला राजावर्त हा दगड वापरला आहे. खऱ्या फ्रेस्कोमध्ये चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचा पुन्हा दगड बनतो आणि रंग त्या दगडातच अडकतो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढ्याच भागावर गिलावा करायचा असतो.

नंदलाल आणि त्यांचे विद्यार्थी यांनी दोन्ही पद्धती अभ्यासल्या. तिसरी पद्धत त्यांनी राजस्थानकडून घेतली. १९२७ च्या सुमारास जयपूरचे पारंपरिक कारागीर नरसिंगलाल यांना शांतिनिकेतनला बोलावण्यात आले. जयपुरी पद्धतीत दीर्घकाळ भिजवलेला चुना आणि संगमरवराची भुकटी वापरतात. ओल्या थरात रंग थापीने ठोकून बसवतात आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटून आरशासारखी चकाकी आणतात. कलाभवनातील विद्यार्थी एका मिस्त्रीच्या हाताखाली उभे राहून हे शिकले. हाताने काम करणाऱ्याला गुरू मानण्याची ही गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी.

कोणत्या भिंतीवर काय आहे?

जुने वाचनालय : ही इमारत आज पाठभवनाच्या कार्यालयासाठी वापरली जाते. तिच्या व्हरांड्यात नंदलाल आणि विद्यार्थ्यांनी मिळून जयपुरी पद्धतीची चित्रे केली.

श्रीनिकेतनमधील 'हलकर्षण' : श्रीनिकेतन हे शांतिनिकेतनजवळचे ग्रामविकास केंद्र, स्थापना १९२२. तेथे नांगरणीचा उत्सव सुरू झाला. त्या उत्सवाचे चित्र नंदलाल यांनी १९३० मध्ये ओल्या चुन्यावर काढले. चित्रात बैल, नांगर आणि गावातील माणसे आहेत. गावात घडलेला प्रसंग गावाच्याच भिंतीवर चढला.

कालो बाडी : अर्थात काळे घर. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी १९३४ च्या सुमारास बांधायला घेतलेली ही मातीची इमारत. मातीवर डांबराचा लेप दिल्यामुळे ती काळी दिसते आणि पावसापासून बचावते. तिच्या भिंतींवर शिक्षक व विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे मातीची उठाव शिल्पे केली. भारहूत स्तूपावरील शिल्पे, सिंधू संस्कृतीच्या मुद्रा, इजिप्त आणि असीरियातील आकृत्या असा जगभरचा वारसा तेथे एका मातीच्या घरावर आला आहे.

चैत्य : कलाभवन परिसरातील माती-डांबराची ही छोटीशी वास्तू. आपल्या लेणींमधील चैत्यगृहाचा आकार तिला दिला आहे. आत काचेमागे एखादी कलाकृती मांडली जाते आणि ती वेळोवेळी बदलली जाते. रस्त्याने जाणारा कोणीही ती पाहू शकतो, तिकीट लागत नाही.

हिंदी भवन : येथे बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४-१९८०) यांनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांच्या जीवनावरील भव्य भित्तिचित्र केले. सभागृहाच्या तीन भिंतींच्या वरच्या भागात ते पसरले आहे. त्यात राजे आणि देव मध्यभागी नाहीत. संत, त्यांच्याभोवतीचे कष्टकरी, बायका, मुले यांचा प्रवाह नदीसारखा वाहत जातो. मागावर बसलेले कबीर त्यात आहेत. बाबासाहेबांनी बुद्ध आणि फुले यांच्यासोबत ज्यांना गुरू मानले त्या कबिरांचे हे चित्र विणकराच्या रूपात, कामात गुंतलेले आहे. विद्यार्थीदशेत के. जी. सुब्रमण्यन यांनी या कामात मदत केली. पुढे त्यांनी स्वतः कलाभवनातील एका इमारतीच्या बाहेरच्या भिंती काळ्या-पांढऱ्या चित्रांनी भरून टाकल्या.

बिनोदबिहारी यांची दृष्टी लहानपणापासून अधू होती. पुढे शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण गेली. तरीही १९७२ मध्ये त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर भाजलेल्या मातीच्या फरशांचे भित्तिचित्र केले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट काढला.

श्रीमती आणि सुजाता

शांतिनिकेतनच्या कलेत बुद्धकथेतील दोन स्त्रिया ठळकपणे दिसतात.

पहिली श्रीमती. 'अवदानशतक' या बौद्ध ग्रंथातील कथेवर रवींद्रनाथांनी 'नटीर पूजा' हे नाटक लिहिले. ते १९२६ मध्ये शांतिनिकेतनात सादर झाले. अजातशत्रूच्या काळात बुद्धपूजेवर बंदी येते. राजनर्तकी श्रीमती हिला स्तूपासमोर नाचून त्या जागेचा अपमान करण्याचा हुकूम होतो. ती नाचते, पण नाचता नाचता एकेक दागिना उतरवते. आत भिक्खुणीचे चीवर असते. तिचे नृत्य हीच पूजा ठरते आणि तिला ठार केले जाते. नंदलाल यांची कन्या गौरी हिने श्रीमतीची भूमिका केली. घरंदाज मुलींनी रंगमंचावर नाचणे बंगाली समाजाला तेव्हा मान्य नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे. पुढे १९४२-४३ मध्ये नंदलाल यांनी हाच प्रसंग चीना भवनाच्या भिंतीवर रंगवला. चीना भवन हे चीनविषयक आणि बौद्ध विद्येच्या अभ्यासासाठी १९३७ मध्ये प्राध्यापक तान युन-शान यांच्या पुढाकाराने सुरू झालेले केंद्र आहे. नाटक आधी गावात झाले आणि चित्र नंतर भिंतीवर आले, हा क्रम महत्त्वाचा आहे.

दुसरी सुजाता. तिचे शिल्प रामकिंकर बैज (१९०६-१९८०) यांनी १९३५ मध्ये उभारले. रामकिंकर हे बांकुडा येथील एका गरीब न्हावी कुटुंबातून आलेले. लहानपणी मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांकडे पाहत शिकले आणि १९२५ मध्ये कलाभवनात दाखल झाले. झाडांमधून चालत येणाऱ्या उंच, सडपातळ तरुणीचे शिल्प त्यांनी केले. नंदलाल यांनी तिच्या डोक्यावर खिरीचे भांडे ठेवण्याचे सुचवले आणि ती सिद्धार्थाला खीर देणारी सुजाता झाली. १९३८ मध्ये त्यांनी 'संथाल कुटुंब' हे शिल्प केले. सामान डोक्यावर आणि कावडीवर घेऊन कामाच्या शोधात निघालेले आदिवासी कुटुंब, सोबत कुत्रा. ब्राँझसाठी पैसे नव्हते. म्हणून सिमेंट आणि त्याच परिसरातील लाल जांभ्याची खडी एकत्र करून ते घडवले. चौकात पुतळा राजा-महाराजांचा असतो या समजुतीला त्या काळात दिलेले हे उत्तर होते. भारतातील पहिल्या आधुनिक सार्वजनिक शिल्पांमध्ये त्याची गणना होते. १९७० मध्ये रामकिंकर यांना पद्मभूषण मिळाले.

वर्षभराचे उत्सव

शांतिनिकेतनात भित्तिचित्रे टिकली त्यामागे तेथील उत्सवांचे वर्षचक्र आहे. १९२८ मध्ये वृक्षारोपण आणि हलकर्षण हे पावसाळ्यातील उत्सव सुरू झाले. वसंतोत्सव असतो, वर्षामंगल असते. डिसेंबरच्या उत्तरार्धात पौष मेळा भरतो. १८९४ पासूनच्या या मेळ्यात बाउल गायक, संथाल नर्तक आणि खेड्यातील कारागीर येतात. प्रत्येक उत्सवासाठी मांडव, कमान, पोशाख आणि जमिनीवरची अल्पना म्हणजे रांगोळी नव्याने करावी लागते. बंगाली बायकांची ही घरगुती कला सुकुमारी देवी, गौरी भंज आणि जमुना सेन यांनी कलाभवनात आणली आणि वाढवली.

१९७३ पासून नंदन मेळा भरतो. ३ डिसेंबर हा नंदलाल यांचा जन्मदिवस. त्याआधीचे दोन दिवस, १ आणि २ डिसेंबरला, कलाभवनाचे विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः केलेल्या वस्तू विकायला मांडतात. मातीची भांडी, छापचित्रे, दागिने, शुभेच्छापत्रे, खाद्यपदार्थ असे सगळे असते. मिळालेला पैसा गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी जातो. देणगीदार शोधत न बसता कलेतूनच कलाविद्यार्थ्यांचा निधी उभा करण्याची ही पद्धत पन्नास वर्षे टिकून आहे.

अशा उत्सवांमुळे दरवर्षी नव्या मुलांचा हात रंगाला लागतो. जुन्या भिंतीकडे पुन्हा लक्ष जाते. ती ओल धरते आहे का, कोपरा फुटला आहे का हे कोणाच्या तरी नजरेस पडते.

फैजपूर, हरिपुरा आणि संविधान

ही कला शांतिनिकेतनाबाहेरही गेली. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. त्याची सजावट नंदलाल यांनी बांबू आणि खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातून केली. १९३८ मध्ये गुजरातमधील हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी चित्रे काढली. विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींसह ती चारशेच्या आसपास झाली. सुतार, चांभार, ढोलकीवाला, कांडण करणारी बाई अशी कष्टकरी माणसे मंडपाच्या दारांवर लावलेल्या त्या चित्रांमध्ये होती. काँग्रेसच्या राजकारणाबद्दल आंबेडकरी चळवळीचे आक्षेप जगजाहीर आहेत आणि चित्रात चांभार आला म्हणून चांभाराला हक्क मिळत नाहीत. तरीही लोकांच्या सभेत लोकांचेच चेहरे लावण्याची पद्धत आपण अभ्यासावी अशी आहे.

भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीची चित्रसजावटही नंदलाल आणि कलाभवनातील त्यांच्या सहकाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी केली. त्यात तथागत बुद्ध, सम्राट अशोक आणि नालंदा यांची चित्रे आहेत. अजिंठ्यात प्रतिकृती करणारा हात चार दशकांनंतर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मसुदा झालेल्या संविधानाच्या पानांपर्यंत पोहोचला.

काही प्रश्न

आम्ही शांतिनिकेतनचे गोडवे गाण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. संस्थापक जमीनदार घराण्यातील होते. संथाल स्त्री-पुरुष चित्रांत आणि शिल्पांत आले, पण भिंतींची ओळख सांगताना जी नावे घेतली जातात ती कलाभवनातील शिक्षक-विद्यार्थ्यांची असतात. संथाल बायका सणाआधी स्वतःच्या घराच्या भिंती सारवून त्यांवर नक्षी करत आल्या आहेत. त्या कलेला 'सजावट' म्हणायचे आणि संस्थेतील कामाला 'भित्तिचित्र', हा भेद कोणी ठरवला? कोण कोणाचे चित्र काढतो आणि नाव कोणाचे राहते, हा प्रश्न आंबेडकरी तरुणांनी विचारलाच पाहिजे. आपल्या वस्तीत तो अधिक सोपा आहे, कारण येथे रंगवणारे आणि रंगवले जाणारे एकाच समाजाचे आहेत.

आपल्या गावात काय करता येईल?

१. आधी कार्यक्रम, मग भिंत. ज्या विषयाचे चित्र काढायचे त्यावर आधी व्याख्यान, भीमगीतांचा जलसा, पथनाट्य किंवा वाचन ठेवा. गावाने जे पाहिले-ऐकले आहे त्याचे चित्र गाव जपते.

२. भिंत तपासा. थेट पावसाचा मारा बसणारी, ओल धरणारी किंवा खार सुटलेली भिंत घेऊ नका. वर पत्रा किंवा छज्जा असावा. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला किमान चार आठवडे वाळू द्या. पोपडे खरवडून काढल्याशिवाय त्यावर रंग चढवू नका.

३. परवानगी लेखी घ्या. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे. घरमालक, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांचे पत्र हाताशी असेल तर पुढचे वाद टळतात आणि चित्र पुसण्याची वेळ आली तर दाद मागता येते.

४. गावातल्या पेंटरला आणि गवंड्याला शिक्षक करा. त्यांना मानधन द्या. परांची कशी बांधावी, चुना किती दिवस भिजवावा, रंग किती पातळ करावा हे त्यांना माहीत असते.

५. विषय वाढवा. बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या चित्रांसोबत आपल्या गावातील पहिली शिकलेली बाई, महाडला किंवा नागपूरला गेलेली माणसे, वीटभट्टीवरचे मजूर, शाहीर यांनाही भिंत द्या. माहिती ज्येष्ठांकडून घ्या आणि घरच्यांची संमती घ्या.

६. मुलींना परांचीवर चढवा. रांगोळीपुरते त्यांचे काम मर्यादित ठेवू नका. चित्राचा आराखडा ठरवणाऱ्या समितीत त्या निम्म्या असाव्यात.

७. नावे लिहा. कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथील लेणींमध्ये दान देणाऱ्यांची नावे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपले काम नोंदवून ठेवले आहे. आपल्या भिंतीच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्यांची, वर्गणीदारांची नावे आणि वर्ष असावे.

८. देखभालीचा दिवस ठरवा. पावसाळा संपल्यावर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी, भिंत तपासून डागडुजी करा. कालो बाडी मातीची असूनही उभी आहे ती डांबराचा लेप पुन्हा पुन्हा दिल्यामुळे. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक भाग यासाठी बाजूला काढून ठेवा.

९. छायाचित्रे काढून ठेवा. प्रत्येक टप्प्याची नोंद आणि मूळ आराखडा विहारात जपा. भिंत पडली तरी चित्र पुन्हा काढता येते.

जयंतीला अजून अवधी असेल तेव्हाच या कामाला लागावे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हातात फक्त फ्लेक्सचा पर्याय उरतो. या वर्षी मंडळाच्या पहिल्या बैठकीत एक भिंत, एक विषय आणि ती सांभाळणारी पाच मुले-मुली एवढे तरी ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!